फेअर केलेला फॉर्म

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथे मी मुलांच्या परीक्षा आणि माझे दुखरे गुडघे एवढ्यावरच बोलत आले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. आणि ओळखत असाल — एखाद्या हॉलमध्ये समोरच्या खुर्चीत बसून माझं भाषण ऐकलं असेल, टाळ्या वाजवल्या असतील — तर मग तुम्हाला हे समजायलाच हवं.

भाषण कशावर, तर नर्सेसच्या मनोबलावर. मानसिक आजारांच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरांनी स्वतःचं मन कसं सांभाळायचं, खचायचं कसं नाही, वेळेवर मदत कशी मागायची. पंढरपूर, अकलूज, बार्शी — कुठलंही नर्सिंग कॉलेज घ्या, मी तिथे जाऊन आलेली असते. शाल, नारळ, गुच्छ. घरात शाली इतक्या झाल्यात की कामवाल्या बाईंनीही आता नको म्हटलंय.

मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात नोकरी करते. नाव सांगत नाही. जे झालं ते मी केलं, भिंतींनी नाही. तेव्हा मी बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. लोक विचारतात, अशा पेशंटमध्ये राहून तुम्हाला काही होत नाही का हो? आम्ही हसून म्हणतो, आम्ही आधीच होऊन बसलोय. पण खरं विचाराल तर होतं. कुणी चावतं, कुणी तोंडावर थुंकतं. एखादी मुलगी चार तास हात धरून सांगत राहते की तिला जगायचं नाही, आणि तुम्ही तो हात सोडवून घेऊन घरी जाता आणि भाकरी थापता. तव्यावरची भाकरी करपते तेव्हा समजतं, की आपण अजून तिथेच आहोत.

कोरोना ओसरला त्या सुमाराला आमच्याकडे हे फार वाढलं. दोघी सिस्टर लागोपाठ नोकरी सोडून गेल्या. एक चादरींच्या खोलीत जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत यायची. मग मोठ्या डॉक्टरांनी — रुग्णालय त्यांच्याच हुकमावर चालायचं — मला पुण्याला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथून मी एक फाइल, एक बिल्ला आणि भलताच उत्साह घेऊन आले.

दर गुरुवारी दुपारी तीनला, औषधं देऊन झाली की, आम्ही गोल करून बसायचो. रुग्णांना कागदी फुलं शिकवायची एक खोली होती, तिथे. पाय जमिनीवर टेकवा, श्वास मोजा, आठवड्यात काय जड गेलं ते बोला. इथं बोललेलं इथंच राहील. पहिल्या गुरुवारी दोघी बसल्या बसल्या झोपल्या, एक घोरलीसुद्धा. पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात बायका बोलायला लागल्या हो! चादरींच्या खोलीतली सिस्टर सगळ्यांसमोर रडली आणि मग स्वतःच हसली. हे खोटं नव्हतं, एवढं तरी मला म्हणू द्या. त्या गोलात खरंच काहीतरी होत होतं. आणि ते माझ्यामुळे होत होतं, हे मला क्षणभरही विसरवत नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एक फॉर्म भरायचा. वीस प्रश्न. झोप लागते का, कामावर यायची भीती वाटते का, पेशंटचा राग येतो का, असे. पुढे चार रकाने — कधीच नाही, क्वचित, बरेचदा, रोज. खाली काही ओळी मोकळ्या, आणखी काही सांगायचं असेल तर. नाव, सही. 'रोज'च्या रकान्यात खुणा जास्त असतील तर त्या सिस्टरला पंधरा दिवस वॉर्डातून काढून ओपीडीला बसवायचं आणि समुपदेशकाकडे पाठवायचं. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. आणि हे फॉर्म माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, असं मी सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

आता श्रीलता.

श्रीलता अशोक चौकाच्या पलीकडची, पूर्व भागातली. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळणारी, घरात तेलुगू. शिकून नर्स झालेली घराण्यातली पहिली. आमच्या वॉर्डात आली तेव्हा तेवीस-चोवीसची असेल. मला वाटलं, महिनाभर टिकली तरी खूप. पण पोरगी वाघीण निघाली. जी पेशंट कुणाला अंगाला हात लावू देत नसे, तिच्या केसांना ही तेल लावून दोन वेण्या घालून मोकळी व्हायची. तेलुगूत काहीबाही गुणगुणत. तिच्या ड्युटीला वॉर्डाचा आवाजच कमी व्हायचा. मी तिला सगळ्यांसमोर 'माझी पोरगी' म्हणायची. हो — म्हणायची.

वॉर्डात इंदूआजी होत्या. मंगळवेढ्याकडच्या. वय सत्तरीचं, वजन चिमणीएवढं. त्यांचा एकच प्रश्न — "माजा भाऊ आला का गं?" सकाळी उठल्यापासून. भाऊ जाऊन वीस वर्षं झालेली. सांगितलं की आजी रडायच्या आणि पाच मिनिटांत पुन्हा विचारायच्या. दिवसातून शंभर वेळा म्हणा. चिमटेही काढायच्या, उत्तर आवडलं नाही की. श्रीलता त्यांना सांगायची, "येतोय ओ आजी, एसटी लेट झालीय." आजी शांत. किती साधं! मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मग ती बदलली. कधी, ते नेमकं सांगता येत नाही. गुणगुणणं थांबलं. हात सारखे धुवायला लागली. गोलात बसायची, पण नजर पायाकडे. तिची पाळी आली की "ठीक आहे, मॅडम" एवढंच. मी पाहिलं का? पाहिलं की. माझा धंदाच तो. पेशंटच्या पापणीवरून मी सांगते की आज हिच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागेल. तेव्हा मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मला दिसलं आणि मी मनात म्हटलं, बघू नंतर.

आता एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. दवाखान्यात बाहेरची तपासणी येणार असली की आम्ही कागद 'फेअर' करतो. म्हणजे कुठे चहा सांडलेला, कुठे खाडाखोड, कुठे दर पंधरा मिनिटांची नोंद राहून गेलेली — तो कागद काढून टाकायचा आणि नवा, सुबक लिहून लावायचा. त्यासाठी सगळ्यांच्या सह्या आधीच कोऱ्या फॉर्मांवर घेऊन ठेवायच्या. ड्युटीवर आलेली सिस्टर गठ्ठा पुढे ओढते, बोलत बोलत पंधरा-वीस सह्या ठोकते आणि राउंडला जाते. कसला फॉर्म, कुणी बघत नाही. त्यात पाप आहे असं आम्हा कुणाला वाटलंच नव्हतं कधी. मी नवीन असताना माझ्या इन्चार्ज सिस्टरनी मला हेच शिकवलं, मी पुढच्या पोरींना.

त्या महिन्याअखेरीला तपासणीची मोठी टीम यायची होती. मोठे डॉक्टर म्हणाले, आपला मनोबलाचा उपक्रम त्यांना दाखवायचा. फॉर्मांची फाइल तयार ठेवा. फॉर्म कुणी वाचणार नाही असं मी वचन दिलं होतं, ते तेव्हाच सांगायचं होतं. मी ब्र काढला नाही. उलट कोऱ्या फॉर्मांवर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या, एखादा मळला तर असावा म्हणून. आणखी एक होतं. मेट्रन बाई, आम्हा सगळ्या सिस्टरांच्या वरच्या, निवृत्त होणार होत्या, आणि त्या जागी कोण, हे कुणी बोलत नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं.

शेवटचा गुरुवार झाला. शुक्रवारी दुपारी टेबलाशी बसून मी फॉर्म चाळायला घेतले. मस्त होते सगळे. 'क्वचित', 'कधीच नाही'. मग श्रीलताचा आला.

'रोज'चा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला. झोप, भीती, राग — सगळीकडे रोज. आणि खाली चार ओळी, निळ्या शाईत, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात. मला त्या पाठ आहेत. "मॅडम, मला माझीच भीती वाटायलीय. परवा इंदूआजींवर माझा हात उठला होता, मागे घेतला. पुढच्या वेळी मागे येईल का माहीत नाही. मला थोडे दिवस या वॉर्डातून काढा."

एवढंच. रडगाणं नाही, कुणाची तक्रार नाही. वीस वर्षांत कुठल्याही नर्सने लिहिलेलं मी वाचलेलं सर्वांत शहाणं निवेदन. आपण जे शिकवतो ते एकीने तंतोतंत केलं होतं — हात उठायच्या आधी मदत मागितली होती.

आणि मला काय वाटलं असेल? दया? काळजी? मला राग आला.

पुष्कळ दिवस मी स्वतःला दुसरंच सांगत आले. म्हणायची, तीस पेशंटना चौघी सिस्टर होतो, हिला काढलं असतं तर वॉर्ड कुणी ओढला असता? हे खरंच आहे. पण मी त्यासाठी केलं नाही. मला राग आला कारण माझ्या गोलात बसून, माझे श्वास मोजून, माझी 'माझी पोरगी' ऐकून हिला बरं वाटत नव्हतं. म्हणजे काय? आणि ते लिहायला हिला हाच महिना सापडला? त्या सुबक फाइलमध्ये हा एकच कागद डाग पडल्यासारखा दिसणार होता. मला तो डाग दिसला. पोरगी दिसली नाही.

मी ड्रॉवरमधून तिच्या सहीचा कोरा फॉर्म काढला. टिकमार्क केले — सहा 'क्वचित', बाकी 'कधीच नाही'. सगळेच 'कधीच नाही' केले तर संशय येतो, एवढी अक्कल होती मला. खालच्या ओळी कोऱ्या ठेवल्या. टिकमार्कला अक्षर नसतं. मग खरा फॉर्म घडी करून पिवळ्या पिशवीत टाकला. रक्ताळलेला कापूस, वापरलेलं बँडेज ज्या पिशवीत टाकतात, ती. तिच्यात कुणी हात घालत नाही, ती थेट जाळायला जाते. सगळं मिळून पाच मिनिटं. लगेच वॉर्डातल्या मावशींनी चहा आणला आणि मी तो प्यायले.

पुढचे काही दिवस श्रीलता माझ्याकडे बघायची. ड्युटी बदलताना हँडओव्हरला, जेवणाच्या सुट्टीत. वाट बघत होती बिचारी. मी फार घाईत असायची — घाईत दिसायला मला उत्तम जमतं. शेवटी एकदा औषधांच्या ट्रॉलीपाशी तिने गाठलंच.

"मॅडम, फॉर्म बघितलात का ओ?"

"बघितले की. सगळ्यांचे छान आलेत."

"माझाबी?"

"तुझाही."

ती तिथेच उभी राहिली. ट्रॉलीवरच्या वाट्या सरळ करत. कपाळाला आठी — गणित चुकलंय पण कुठे ते सापडत नाही, अशी. तिने पुन्हा विचारलं असतं तर? माहीत नाही. तिने विचारलं नाही. मोठ्यांना उलट विचारायचं नाही हे तिला घरातून शिकवलेलं, आणि मी तिची मॅडम होते.

तपासणी छान झाली. टीममधल्या एका बाईंनी फाइल चाळून माझं कौतुक केलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारच्या जेवणाची वेळ. इंदूआजींनी सकाळपासून भाऊ-भाऊ चालवलेलं. श्रीलता त्यांना भरवत होती. आजींनी ताट उडवलं, आमटी हिच्या अंगावर. आणि श्रीलताने मारलं. एकदा नाही. तीन वेळा, तोंडावर. मावशी ओरडल्या म्हणून मी धावले. आजींचा ओठ फाटला होता, उरलेल्या चार दातांतला एक हलला होता. श्रीलता स्वतःचा तळवा बघत उभी होती. आजी रडत नव्हत्या. त्या तशा कधीच गप्प नसत — त्या दिवशी गप्प झाल्या. घरी जाईपर्यंत त्यांनी पुन्हा भावाचं नाव काढलं नाही. कुणी जवळ गेलं की दोन्ही हातांनी तोंड झाकायच्या. ओठाला टाका मीच घालून घेतला, मलम मी लावायची, आणि त्या माझ्याही हाताला घाबरायच्या. बरोबरच होतं ते.

आजींच्या पुतण्याने तक्रार केली. करायलाच हवी होती. चौकशी बसली — मोठे डॉक्टर, मेट्रन बाई, बाहेरचे एक वकील. मीही होते, इन्चार्ज म्हणून. श्रीलताने काही लपवलं नाही. मारलं म्हणाली. का, तर माहीत नाही म्हणाली. मग वकिलांनी विचारलं, तुला इतका त्रास होत होता तर आधी कुणाला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं की सर. फॉर्मात लिहिले होते मी. मला वॉर्डातून काढा म्हणून."

फाइल मागवली. माझीच फाइल, मीच आणून दिली. पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. सहा क्वचित, बाकी कधीच नाही. खाली तिची सही. खरीखुरी, तिच्याच हातची.

तिने ते पान जवळ ओढलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहीवर बोट फिरवलं. मग पान उलटून मागे बघितलं — मागे काही लिहिलंय का म्हणून. त्या खोलीत पंखा होता, बाहेर मे महिन्याचं सोलापूर पेटलेलं. आता हिला आठवेल, मला वाटलं. कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतात हे हिला माहीत आहे. आता ही माझ्याकडे बोट दाखवेल. मी मनात उत्तरसुद्धा जुळवत होते.

तिने माझ्याकडे बघितलं. पण बोट दाखवायला नाही.

"मॅडम, मी लिहिले होते न ओ? चार ओळी... का नुसतं माझ्या मनात आले होते?"

माझ्यावर संशय घेणं तिच्या डोक्यातच आलं नाही. त्यापेक्षा तिला स्वतःच्या डोक्यावर संशय घेणं सोपं वाटलं. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. काय केलं मी?

माझा एक आवाज आहे. मऊ, खालच्या पट्टीतला, पेशंटशी बोलायचा. ज्याला भास होतात त्याच्याशी भांडायचं नसतं, त्याचं म्हणणं खोडायचं नसतं, हळू बोलायचं असतं. त्या आवाजात मी म्हणाले, "तुला तसं वाटत असेल, श्रीलता. खूप ताण असला की असं होतं. माणसाला केल्यासारखं वाटतं, पण केलेलं नसतं."

हा माझा गुन्हा. फॉर्म बदलला तो नाही — तो लबाडीचा होता, भित्रेपणाचा होता, त्यापायी एका म्हातारीचा ओठ फाटला. पण हे वाक्य वेगळं. एक धडधाकट मुलगी मला विचारत होती की माझं डोकं ठिकाणावर आहे ना. आणि मी, जी हेच ओळखायला शिकलेली आहे, तिला नाही म्हणाले. गोड बोलून.

तिने मान हलवली. "असेल," म्हणाली. वकिलांनी काहीतरी लिहून घेतलं. मोठे डॉक्टर हळहळले. आमच्याकडे एवढी सोय असताना पोरीने तोंड उघडलं नाही, म्हणाले. तिला काढून टाकलं, आणि डोक्याची तपासणी करून घ्यायला सांगितलं. तिने ती इमानदारीत करून घेतली. डॉक्टरांना सांगितलं, न केलेलं केल्यासारखं वाटतं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. त्यांची चूक नाही. पेशंटने जे सांगितलं त्यावरच ते जाणार.

मी मेट्रन झाले.

आणि अजून एक सांगायचंय. माझ्या भाषणात एक गोष्ट असते. नाव न घेता सांगते. एक हुशार, कामसू सिस्टर, तिला त्रास होत होता, पण तिने शेवटपर्यंत मदत मागितली नाही, फॉर्ममध्येसुद्धा सगळं छान आहे म्हणून खुणा केल्या — आणि मग एक दिवस काय झालं! पोरी डोळे पुसतात. मी दोन क्षण थांबते, मग म्हणते, म्हणून वेळेवर बोला. कितीदा सांगितली असेल ही गोष्ट? पहिल्या वेळी जीभ अडखळली होती. आता नाही अडखळत.

गेल्या हिवाळ्यात कुर्डुवाडीला असंच भाषण होतं. संपवून बाहेर आले तर फाटकाशी श्रीलता. थोडी जाड झालेली, चष्मा लागलेला. तिथे लग्न होऊन गेलीय. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, तिचं साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान. माझ्या नावाचा बोर्ड वाचून आली होती. आत येऊन बसली नाही, बाहेरच उभी राहिली — नर्सेसमध्ये बसायला कसंतरी वाटतं म्हणाली. म्हणजे ती गोष्ट तिने ऐकली नाही. खिडकी उघडी होती. नसेल ऐकली.

दुकानावर घेऊन गेली. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. गिऱ्हाईक आलं तर तिने साडी घेतली, वहीत नाव लिहिलं आणि फोन काढून वहीच्या पानाचा फोटो काढला. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. हसली.

"सवय लागली ओ मॅडम. काय लिहिले की फोटो काढून ठेवते. मग नंतर शंका आली तर बघता येतं, खरंच लिहिले का नाही. घरात गॅस बंद केला तरी फोटो. नवरा चिडवतो लई."

मी चहा प्यायले. ती मग इंदूआजींबद्दल बोलली. त्या गेल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं होतं. दर वर्षी एकदा ती उपास करते त्यांच्यासाठी, कुणाला न सांगता. म्हणाली, मारलं ते मीच, त्याला काय औषध नाही. पण डोक्याचं तरी वेळेत कळलं. ती चार ओळींची गोष्ट झाली नसती तर मला समजलंच नसतं की मला आजार आहे. तुमी नीट सांगितलात त्या दिवशी, दुसरं कुणी असतं तर वेडी म्हणालं असतं.

दुकानात आम्ही दोघीच होतो. शिलाई मशीन बंद होतं. मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं — तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं.

मग तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, इतकी वर्षं काही त्रास नाही, आता गोळी हळूहळू कमी करून बंद करून बघू. तिला भीती वाटत होती. आणि मूलही हवं होतं. गोळ्या चालू आहेत म्हणून ते दोघं इतके दिवस थांबले होते. "तुमी काय म्हणता, मॅडम? तुमी सांगाल तसं करते."

गोळी सुटेल. मग डोकं स्वच्छ होईल, मूल होईल. एक दिवस पिको करता करता तिला आठवेल की त्या महिन्यात आपण कोऱ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. हे सगळं माझ्या मनात एका घोटात येऊन गेलं. तेवढ्यात मी उत्तर देऊन बसले होते. त्याच आवाजात.

मी म्हणाले, घाई करू नकोस, अजून थोडे दिवस चालू ठेव.

ती बरं म्हणाली, आणि डॉक्टरांना तसं कळवते म्हणाली. मग मला स्टेशनवर सोडायला आली.